काडी, काटकी, निखारा : मुलांना विस्तव शिकवताना

गेल्या अंकात मुलांच्या हिवाळी शिबिरांविषयी लिहिताना ‘शेकोटी मुलांनीच रचावी आणि मुलांनीच पेटवावी’ असे आम्ही म्हटले होते. त्यावर पत्रे आली. काही काळजीची होती, काही कुतूहलाची, आणि बरीचशी ‘आमची शेकोटी पेटतच नाही’ या तक्रारीची. त्यातले निवडक प्रश्न इथे घेत आहोत.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. घरात गॅसला लायटर, त्यामुळे आगपेटी फक्त देवघरात. तिने अजून एकही काडी ओढलेली नाही. हे शिकवावे का? आणि फ्लॅटमध्ये कसे शिकवायचे? – एक पालक, पुणे

जरूर शिकवा. नऊ हे त्यासाठी चांगले वय आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांनी मोठ्यांनी पेटवलेली ज्योत पाहावी आणि विझवावी, आठ-नऊपासून काडी ओढावी, आणि अकरा-बाराच्या पुढे शेकोटी रचून पेटवावी, असा साधारण क्रम ठेवता येतो. वयापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ‘थांब’ म्हटल्यावर मूल हातातले काम त्याच क्षणी थांबवते का? थांबवत नसेल तर अजून वेळ आहे.

एक मोठी स्टीलची परात घ्या. तिच्यात बोटभर पाणी घाला आणि मधोमध वाटी पालथी घालून तिच्यावर जाड, बुटकी मेणबत्ती बसवा. पंखा बंद ठेवा, पडदे दूर सारा, शेजारी तांब्याभर पाणी ठेवा. मुलीचे केस बांधलेले हवेत. कपडे सुती आणि अंगाबरोबरचे हवेत; ओढणी, झालरी आणि लोंबत्या बाह्या नकोत. नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे वितळून कातडीला चिकटतात, म्हणून तेही नकोत. हाताला सॅनिटायझर लावला असेल तर आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, कारण अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही.

आता काडी. पहिल्या दिवशी जळक्या काडीनेच पाच-सात वेळा नुसता हात बसवू द्या. पेटीचा खण बंद करून मगच काडी ओढायची, नाहीतर ठिणगी आतल्या काड्यांवर पडते. मुले भीतीने काडी अगदी शेपटाला धरतात आणि ती मधोमध मोडते. अंगठा आणि दोन बोटांनी काडी मध्याच्या किंचित मागे धरायची आणि स्वतःपासून दूर, एका दमात ओढायची. गुल पेटला की काडी आडवी ठेवायची. ज्योत धरत नसेल तर गुल थोडा खाली झुकवायचा, जाळ वाढला तर वर करायचा. जाळ वर चढतो, एवढे एक कळले की काडीवर ताबा येतो. हातात फक्त 10-15 सेकंद असतात. ज्योत बोटांपासून दोन सेंटिमीटरवर आली की काडी सरळ परातीतल्या पाण्यात टाकायची. हवेत हलवून विझवायची सवय लावू नका.

मेणबत्ती पेटल्यावर खरी मजा आहे. ती फुंकरीने विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. तिला वातीच्या दोन-तीन सेंटिमीटर वरून पेटती काडी दाखवा. ज्योत त्या रेघेतून खाली धावत येते आणि वात पुन्हा पेटते. तो धूर म्हणजे मेणाची वाफ असते. गार हवेत तिचे बारीक कण होतात म्हणून ती पांढरी दिसते. जळते ती ही वाफ. घन मेण जळत नाही. लाकडाचेही तसेच आहे. लाकूड साधारण 250-300 अंश सेल्सिअसला तापले की त्यातून जळाऊ वायू सुटू लागतात आणि आपण ज्याला जाळ म्हणतो तो त्या वायूंचा असतो. मागे उरतो तो कोळसा. तो नुसता धगधगतो, त्याला ज्योत जवळजवळ नसते. मायकेल फॅरेडे यांनी 1860-61 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर. एवढे तिच्यात शिकण्यासारखे आहे.

आगपेटी मात्र मोठ्यांच्या ताब्यात राहील, आणि मोठे माणूस शेजारी बसले असेल तरच ती बाहेर येईल. हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

प्रश्न : बशीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर पेला उपडा घातला की पाणी आत चढते. हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळून संपला म्हणून पाणी तेवढे चढले, असे मी सातवीच्या मुलांना सांगते. एका मुलाने विचारले, ‘मग ज्योत विझल्यावरच पाणी का चढतं?’ उत्तर देता आले नाही. – शिक्षिका, सातारा जिल्हा

त्या मुलाने बरोबर जागा पकडली. स्पष्टीकरण चुकीचे आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात आहे.

मेणबत्ती बंद पेल्यात विझते तेव्हा हवेतला ऑक्सिजन संपलेला नसतो. तो 21 टक्क्यांवरून साधारण 16 टक्क्यांवर येतो आणि तेवढ्यावर ज्योत टिकत नाही. म्हणजे वापरला गेला फक्त पाच टक्के. त्यातही मेण जळताना 38 भाग ऑक्सिजनच्या बदल्यात सुमारे 25 भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सोबत झालेली पाण्याची वाफ पेल्याच्या काचेवर थिजते. एकूण घट दीड-दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो खरा, पण इतक्या झटपट नाही.

मग पाणी कशाने चढते? पेला खाली आणताना ज्योतीने त्यातली हवा तापवून फुगवलेली असते, आणि बरीचशी हवा कडेने निसटलेली असते. पेला टेकल्यावर पहिल्या क्षणी कडेने बुडबुडे येतात ते नीट पाहायला सांगा. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. आतली हवा सरासरी 100 अंशांपर्यंत तापून पुन्हा 27 अंशांवर आली तर ती जवळजवळ एक पंचमांशानेच आकसते. आकडा योगायोगाने जुळतो, म्हणून ही चूक इतकी टिकली.

हे वर्गातच सिद्ध करता येते. तोच पेला घ्या, पण एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच आहे, तरी पाणी जास्त चढेल. मग पेल्यात मेणबत्ती न ठेवता तो गरम पाण्याने विसळून उपडा घाला. काहीही न जळता पाणी चढेल. काचेचा पेला जाड नसावा आणि तापलेल्या काचेवर गार पाणी उडवू नये, काच तडकते.

प्रश्न : शिबिरात आमची शेकोटी नुसती धुमसते. मुलांच्या डोळ्यांत धूर जातो, शेवटी कुणीतरी रॉकेल ओततो. काय चुकते? – शिबिर संयोजक, अहिल्यानगर

पहिली गोष्ट, रॉकेल बंद. डिझेल, पेट्रोल, स्पिरिट सगळेच बंद. धुमसत्या लाकडावर ओतलेल्या तेलाची आधी वाफ होते आणि मग ती एकदम भडकते. जाळ धारेबरोबर कॅनपर्यंत येऊ शकतो. शिवाय तेलाने पेटलेल्या शेकोटीतून मूल काहीच शिकत नाही. कापराची वडीही शिकण्याच्या दिवसांत टाळा.

धूर म्हणजे न जळता निसटलेले जळण, आणि ओल्या लाकडात त्याच्या जोडीला पाण्याची वाफ. तुमच्याकडे बहुधा तीनपैकी एक चूक होत असावी : लाकूड ओले, काटक्या फार जाड, किंवा रचण इतकी दाट की हवा शिरतच नाही.

ओलाव्याचा हिशेब मुलांना करायला द्या. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. उन्हात चांगले वाळलेल्यात 15-20 टक्के पाणी उरते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता लागते, आणि एक किलो वाळले लाकूड साधारण 16 मेगाज्यूल देते. मोठ्या जाळाला हे परवडते, पण नुकत्याच धरलेल्या ज्योतीजवळ तेवढी उष्णता नसते. म्हणून पहिली दहा मिनिटे सगळे जळण कडकडीत वाळलेले हवे. त्याची परीक्षा सोपी आहे : काटकी मोडली की ‘कट्ट’ असा आवाज यायला हवा. नुसती वाकली तर ती बाजूला. जमिनीवर पडलेल्या काटक्या दव धरतात; झाडावरच वाळलेली, अडकून राहिलेली फांदी त्याहून बरी. पाऊस पडून गेला असेल तर मनगटाएवढे लाकूड कोयत्याने फाडा. हे काम मोठ्यांचे. आतला गाभा कोरडा निघतो, त्याच्या ढलप्या काढा.

जाडीचे गणितही करून पाहण्यासारखे आहे. दहा सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग 600 चौरस सेंटिमीटर भरतो. त्याचेच एक सेंटिमीटरचे हजार तुकडे केले की तोच 6000 होतो. लाकूड तेवढेच, पण उष्णता आणि हवा लागायला जागा दहापट.

आता रचण. काडी हातात घेण्याआधी सगळे जळण जमवून चार ढीग करायचे. पहिल्या ढिगात नारळाएवढा गोळा : वाळके गवत, नारळाच्या शेंड्या, पाचट, चोळून मऊ केलेली केळीची सुकी सोपटे, जे मिळेल ते. दुसऱ्यात आगकाडीएवढ्या बारीक काटक्या, चांगल्या दोन मुठी. मुले इथेच कंजुषी करतात, आणि शेकोटी विझते तीही इथेच. तिसऱ्यात पेन्सिलएवढ्या, कवेत मावतील तितक्या. तुराट्या किंवा पऱ्हाट्या असतील तर उत्तम. चौथ्यात अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाड.

जमीन गार किंवा ओलसर असेल तर खाली पाच-सहा काटक्यांची ताटी अंथरा, नाहीतर जमीनच धग शोषून घेते. तिच्यावर गवताचा गोळा ठेवा, मुठीत न आवळता, फुलवून. त्याच्याभोवती बारीक काटक्या खोपीसारख्या टेकवा आणि वारा येतो त्या बाजूला हात जाईल एवढे तोंड ठेवा. काडी त्या तोंडातून, गोळ्याच्या अगदी तळाशी लावायची. वरून लावली तर वरचे गवत भुर्रकन जळून जाते आणि खालचे तसेच राहते. बारीक काटक्या तडतडून पेटल्या, जाळ त्यांच्या वर आला, की मगच पेन्सिलीच्या जाडीच्या, तीन-चार करून. मुलांना घाई होते. पहिल्या जाळाबरोबर ती ओंडका आणून ठेवतात आणि सगळे बसते.

धुमसू लागले तर जास्त जळण घालू नका. एका लांब काटकीने रचण थोडी उचला, खाली पोकळी करा आणि फुंका. आजीच्या चुलीजवळची फुंकणी यासाठीच असते : तोंड जाळापासून हातभर लांब राहते, आणि बारीक धार निखाऱ्याच्या नेमक्या मुळाशी जाते, भोवतालची ताजी हवाही ओढून नेते. फुंकर लांब आणि सावकाश हवी. जोरात फुंकले की राख डोळ्यांत जाते. श्वास घेताना तोंड बाजूला वळवायचे.

शिकायची शेकोटी वीतभर व्यासाची पुरे. तिच्याभोवती दोन मीटर जागा झाडून मातीपर्यंत साफ हवी. पाण्याच्या दोन बादल्या आणि ओले गोणपाट आधी, मग जळण. तीन-चार मुलांमागे एक मोठे माणूस. ओढ्यातले दगड चुलीला लावू नका. त्यांत पाणी मुरलेले असते, तापल्यावर ते फुटून कपच्या उडतात. कण्हेर, बिब्बा, शेर यांच्या फांद्या जळणात येऊ देऊ नका; त्यांचा चीक आणि धूर दोन्ही वाईट. प्लायवूड, रंगवलेले लाकूड आणि प्लास्टिकही नको.

स्काऊटमध्ये दोन काड्यांत शेकोटी पेटवण्याची जुनी कसोटी आहे. ती मुलांना जरूर द्या. दोनच काड्या मिळणार म्हटल्यावर काटक्या निवडण्यात मुले अर्धा तास आनंदाने घालवतात.

प्रश्न : मुलाने व्हिडिओ बघून धनुष्याने लाकूड फिरवून आग काढायचा प्रयत्न केला. धूर येतो, आग नाही. हात सोलून निघाले. – एक पालक, कोल्हापूर

धूर येतो म्हणजे अर्धे जमले आहे.

लाकूड हलके आणि पूर्ण वाळलेले हवे : सावर, पांगारा. नख दाबले तर वण उठला पाहिजे. खालची फळी दीड-दोन सेंटिमीटर जाड. फिरकी, म्हणजे धनुष्याच्या दोरीने फिरवायची काठी, वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड आणि सरळ. वरून दाबायला करवंटीचा तुकडा झकास, त्याच्या खोबणीत साबण चोळा. वरचे टोक निमुळते, खालचे बोथट. फळीवर आधी फिरकी फिरवून खळगा पाडायचा, मग फळीच्या कडेपासून त्या खळग्याच्या जवळजवळ केंद्रापर्यंत पाचरीच्या आकाराची खाच कापायची, वर्तुळाच्या एक अष्टमांशाएवढी. बहुतेकांचे अडते ते या खाचेपाशी. निखारा खळग्यात तयार होत नाही. खाचेत साचलेल्या गरम भुकटीच्या ढिगात तयार होतो. खाच नसेल तर भुकटी विखरून गार होते.

काय चुकते ते भुकटीच सांगते. फिकट, पिवळसर भुकटी म्हणजे दाब किंवा वेग कमी, नाहीतर लाकूड दमट. जाड, केसाळ तंतू म्हणजे दाब फार आणि वेग कमी. काळपट, पिठासारखी बारीक भुकटी हवी. फिरकी किंचाळू लागली आणि खळगा चकचकीत झाला तर घर्षण राहिलेले नाही. चिमूटभर बारीक वाळू टाका किंवा तो थर खरवडून काढा. आधी सावकाश, धनुष्याच्या पूर्ण लांबीने फिरवत खाच भरू द्यायची. मग दाब वाढवून शेवटचे 25-30 हात जोरात. थांबल्यावरही ढिगातून धूर येत राहिला तर निखारा आहे. तिथे घाई करून फुंकू नका. अर्धा मिनिट त्याला स्वतःला धरू द्या, मग चोळलेल्या शेंड्यांच्या घरट्यात अलगद घेऊन खालून हळू फुंका.

मुलांसाठी याहून सोयीची रीत आपल्या यज्ञपरंपरेत आहे. अग्निमंथनात, म्हणजे लाकडावर लाकूड घुसळून अग्नी काढताना, खाली अधरारणी नावाचे लाकूड असते. उत्तरारणीचा, म्हणजे वरच्या लाकडाचा तुकडा (प्रमंथ) चात्र नावाच्या दांड्याला बसवतात, वरून ओविली नावाच्या लाकडाने दाबतात आणि दांड्याला गुंडाळलेली ‘नेत्र’ ही दोरी दोन्ही हातांनी रवीसारखी ओढतात. एकाने दाबायचे, दुसऱ्याने ओढायचे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका हाताने दाब आणि दुसऱ्याने वेग सांभाळणे जड जाते. दोघांत वाटून घेतले की हात सोलत नाहीत. दोरी चार-पाच मिलिमीटर जाड, पिळाची घ्या. सुतळी झिजून तुटते.

प्रश्न : शेतात गारगोट्या सापडतात. एकमेकींवर घासल्या की अंधारात चमकतात, पण कापूस पेटत नाही. – इयत्ता आठवीचा वाचक, जालना

त्या चमकेत पेटवण्याइतकी उष्णता नसते. गारगोटीवर पोलाद झटकून ठिणगी पाडतात त्या चकमकीत ठिणगी गारेची नसतेच, पोलादाची असते. गारेची धारदार कड पोलादाचा बारीक कण खरवडते, तो घर्षणाने तापतो आणि हवेत जळतो. पोलाद कडक हवे, जुन्या कानशीचा तुकडा चालतो; साधा खिळा मऊ पडतो. आणि ताज्या कापसाला एवढीशी ठिणगी पुरत नाही. जुन्या सुती धोतराचे तुकडे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीत भरा, झाकणाला खिळ्याएवढे एक भोक पाडा, डबी निखाऱ्यावर ठेवा. भोकातून धूर येणे थांबले की उतरवा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. हवा लागली तर सगळे जळून राख होते. आत काळे, हलके कापड मिळेल. ते गारेच्या कडेवर धरून पोलाद वरून खाली झटकायचे. ठिणगी पडली की लाल ठिपका पसरत जातो. डोळ्यांना चष्मा हवा, कपच्या उडतात. आणि घरातले मोठे कुणी सोबत असल्याशिवाय यातले काहीही करायचे नाही.

प्रश्न : ट्रेकला मुलांना घेऊन गडावर शेकोटी करता येईल का? – ट्रेकिंग गट, ठाणे

नको. राखीव वनात आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 खाली गुन्हा आहे. अभयारण्यात आग लावण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चीही मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जानेवारीपासून पावसापर्यंत सह्याद्रीचे गवत असे वाळलेले असते की एका ठिणगीने अख्खा उतार जातो. त्याऐवजी मुलांना वन विभागाने काढलेली जाळरेषा दाखवा आणि गवत कापून काढलेल्या त्या पट्ट्यापाशी वणवा का अडतो ते विचारा. जळण, उष्णता, हवा या तिघांतले एक काढले की आग संपते, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

शेकोटी गावात, परवानगीच्या मोकळ्या जागेत, आधीच जळलेल्या जागीच करा. विझवायला पेटवण्याइतकाच वेळ राखून ठेवा. निखारे काठीने पसरा, पाणी घाला, ढवळा, पुन्हा पाणी घाला. चर्र आवाज थांबला की तळहाताची मागची बाजू राखेच्या वर धरा, ऊब नाही असे वाटले तरच हात टेकवा. माती लोटून निखारे झाकू नका. आत ते तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी कुणाचा तरी अनवाणी पाय त्यावर पडतो.

प्रश्न : शिकवताना भाजलेच तर? – एक आजोबा, पणजी

वाहत्या, साध्या नळाच्या पाण्याखाली 20 मिनिटे, घड्याळ लावून. दोन मिनिटांत मूल शांत झाले तरी हात काढू देऊ नका. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी उतरवा. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट काहीही लावायचे नाही. फोड फोडायचा नाही. कातडीला चिकटलेले कापड ओढायचे नाही. मग स्वच्छ, ओलसर सुती फडक्याने सैल झाकायचे. मुलाच्या तळहातापेक्षा मोठे भाजले असेल, किंवा चेहरा, हात, सांधा, जांघ यांवर असेल तर थेट दवाखाना, रुग्णवाहिकेसाठी 108. कपड्याने पेट घेतला तर पळायचे नाही : थांबायचे, जमिनीवर पडायचे, तोंड हातांनी झाकून लोळायचे. हे न पेटवता, अंगणात, खेळासारखे चार-पाच वेळा करून घ्या. पहिली काडी त्यानंतर.